११८ सेंटिमीटरवरून : एका चित्रमालेच्या प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी

प्रकल्पाचं नाव सध्या नुसतं '११८'. माझ्या चाकाच्या खुर्चीत बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून ११८ सेंमीवर येतात. टेप लावून मोजून घेतलं. मालिकेतलं प्रत्येक चित्र या उंचीवरून काढायचं आणि भिंतीवरही याच उंचीला लावायचं, एवढंच पक्कं आहे.

पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे सपाट कागदावर जवळ-लांब दाखवण्याच्या, पहिल्याच धड्यात सांगतात की क्षितिजरेषा म्हणजे काढणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. धड्यातली उदाहरणं मात्र झाडून सगळी उभ्या माणसाची. सपाट जमिनीवरची गर्दी उभ्याने काढली की ती रेषा सगळ्यांच्या डोळ्यांच्या आसपास जाते, माणूस जवळचा असो की लांबचा. तीच गर्दी मी बसून काढली की रेषा उभ्या माणसांच्या छातीच्या जरा खालून जाते आणि खुर्चीतल्या माणसांच्या, लहान मुलांच्या डोळ्यांतून. म्हणजे उभ्या चित्रकाराच्या चित्रात खुर्चीतला माणूस कायम रेषेच्या खाली राहणार, वरून पाहिलेला, टाळू दिसणारा. यात कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. पण फोटो, जाहिराती, सिनेमे, चित्रं सगळीच तिथून काढली गेली की अपंग माणूस ही वाकून बघायची गोष्ट आहे हे डोळ्यात मुरतं. चित्रात अपंग माणसं किती, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आधी कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा.

१९ जानेवारी

साहित्य ठरलं. माझा स्नायूंचा आजार आहे, हळूहळू वाढणारा. खांद्यातून हात वर जात नाही. कोपर टेबलावर टेकलं की मनगट आणि बोटं नीट चालतात आणि साधारण ३० सेंमीचा भाग आवाक्यात येतो. म्हणून प्लायचे ३० बाय ३० चे तुकडे. मोठं चित्र आठ तुकडे आडवे आणि तीन उभे असं जोडून होईल, २४० बाय ९० सेंमी. नाव 'रांग'. तुकड्यांमधल्या फटी बुजवायच्या नाहीत. माझा हात कुठवर गेला हे त्या फटी सांगतात; त्या लपवल्या तर चित्र लांब हाताच्या माणसाने काढल्याचा आव येईल.

रंग अ‍ॅक्रिलिक, मॅट. ब्रशच्या दांड्यांवर फोमची नळी चढवली, पाइपांवर गुंडाळतात ती. दांडा जाड झाला की मूठ आवळावी लागत नाही. तुकडा फिरत्या पाटावर ठेवायचा, कारण वरच्या कडेपर्यंत हात नेण्याऐवजी वरची कडच माझ्याकडे फिरवून घेणं सोपं. त्यामुळे चित्राचा वरचा भाग मी नेहमी उलटा काढते आणि तिथले फटकारे सुलटं बघताना खालून वर गेलेले दिसतात. मागच्या प्रदर्शनात एका पाहुण्यांनी ही माझी शैली असल्याचं भाषणात सांगितलं. मी मान डोलावली.

२७ जानेवारी

अनुदानाचा अर्ज. एका रकान्यात लिहिलं होतं, 'आपल्या संघर्षाविषयी ३०० शब्द'. क्षितिजरेषेविषयी ३०० शब्द लिहिले. खाली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचा, २००६ सालचा, संदर्भ दिला. त्याच्या कलम ३० मध्ये दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे अपंग माणसाला नाटक, सिनेमा, संग्रहालय इतरांच्या बरोबरीने अनुभवता आलं पाहिजे. दुसरी, त्याला स्वतःची कला वाढवता आली पाहिजे, आणि तीही फक्त स्वतःच्या भल्यासाठी नाही तर समाज समृद्ध व्हावा म्हणून. दुसरा भाग लोक विसरतात. आमच्याकडे कला म्हणजे वेळ घालवायचा उपचार समजतात. "बरं वाटत असेल ना चित्र काढून?" हा प्रश्न धडधाकट चित्रकाराला कुणी विचारत नाही.

३ फेब्रुवारी

रांगेत बसून स्केचेस. खुर्चीच्या हातावर छोटी वही क्लिपने अडकवली की काम होतं. फोनने फोटो काढून पाहिले, पण रुंद लेन्स जवळची माणसं फुगवते आणि मला हवी ती दाटी जाते.

११८ वरून रांग अशी दिसते: कोपरं. पट्टे, बक्कल, शर्टाची शेवटची दोन बटणं. कमरेजवळ धरलेले फोन आणि त्यांवर उघड्या पडलेल्या सगळ्यांच्या गप्पा. मला वाचायच्या नसतात, पण पडदे माझ्याच नाकासमोर येतात. पाठीवरच्या सॅक. सॅकवाल्याने वळून कुणाला हाक मारली की ती सॅक माझ्या तोंडावर येते, आणि त्या माणसाला पत्ताही नसतो. खिडकीपाशी पोचल्यावर काउंटरची कड आणि तिच्यावर कारकुनाचं कपाळ. मी आलेय हे त्याला मागचा माणूस सांगतो.

अख्ख्या रांगेत माझ्या डोळ्याला डोळा फक्त एका मुलाने भिडवला, सात-आठ वर्षांचा असेल. तो बेधडक बघत होता, खुर्चीच्या जॉयस्टिककडे आणि मग माझ्याकडे. आईने त्याला ओढून "असं बघू नये" म्हटलं. त्याने बघावं अशी माझी फार इच्छा होती. तो चित्रात येणार, पाचव्या उभ्या ओळीत, अगदी रेषेवर.

११ फेब्रुवारी

'रांग'शिवाय तीन व्यक्तिचित्रं करायची. अटी लिहून काढल्या आणि तिघांनाही पाठवल्या. बसल्या वेळेचे पैसे मिळतील. कसं बसायचं, उभं राहायचं, आडवं व्हायचं ते तुम्ही ठरवा. चित्र पुरं झाल्यावर जे खटकेल ते सांगा. मी बदलेन, किंवा तुम्ही स्वतः हात घाला.

शेवटची अट माझ्या डोक्यातली नाही. शिकागोच्या चित्रकार रिवा लेहरर अपंग आणि वेगळ्या शरीराच्या माणसांची चित्रं त्यांच्याशी दीर्घ बोलणं करून काढतात. एका मालिकेत त्या बसलेल्या माणसाला आपल्या स्टुडिओत चित्राबरोबर एकटं सोडून बाहेर जात आणि त्या वेळात त्याने चित्रावर काय हवं ते करावं, अशी मुभा असे. लेहरर यांना स्वतःला जन्मापासून स्पायना बिफिडा, म्हणजे मणक्याचा दोष, आहे. आयुष्यभर डॉक्टरांनी न विचारता शरीर न्याहाळलेल्या बाईला बघण्याची परवानगी म्हणजे काय ते कळतं.

१६ फेब्रुवारी

मदतनीस मिळाला. कलामहाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. प्लाय घासणं, प्रायमर, तुकडे उचलणं, सपाट रंगाचे थर अशी कामं. पहिल्याच दिवशी बिचकत विचारलं, "ताई, मी रंग लावला तर चित्र तुमचंच राहील ना?"

फ्रेंच चित्रकार मातिसचं उदाहरण दिलं. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो बहुतेक खाटेवर आणि चाकाच्या खुर्चीत होता. कागदांना गुआश (अपारदर्शक जलरंग) लावून द्यायच्या त्या मदतनीस मुली, तो कात्रीने आकार कापायचा, आणि भिंतीवर कुठला तुकडा कुठे टाचायचा हे बसल्या जागेवरून सांगायचा. ती चित्रं कुणाची हे कुणी विचारत नाही. मोठ्या स्टुडिओत दहा माणसं राबतात तिथेही नाही. मदत घेणारा अपंग असला की मगच मालकीची चौकशी सुरू होते.

"म्हणजे चालेल?" तो.

"चालेल. पण कड मी ओढणार."

२ मार्च

पहिली बैठक. सर निवृत्त शिक्षक आहेत, तिशीत दृष्टी गेली. काठी हातात घेऊन बसणार नाही म्हणाले. "काठी रस्त्यासाठी असते. घरात मी काठी धरून बसतो का?" काळा चष्माही नको. रेडिओ दुरुस्त करताना काढ, म्हणाले. हा त्यांचा जुना नाद आहे. स्क्रू काढून ताटलीत ओळीने ठेवतात आणि बोट फिरवून मोजतात.

आता अडचण अशी की काठी नाही, चष्मा नाही, तर बघणाऱ्याला सर अंध आहेत हे कळणार कसं? दुपारभर त्यावरच विचार. मग लक्षात आलं की त्यांचा चेहरा कामाकडे वळलेलाच नाही. आपण रेडिओ उघडला तर मान खाली जाईल. सरांची मान सरळ, चेहरा खिडकीकडे, आणि सगळं लक्ष बोटांत. तेवढं काढलं की पुरे. ज्याला कळायचं त्याला कळेल आणि ज्याला नाही कळलं त्याने एका माणसाला रेडिओ दुरुस्त करताना पाहिलं, त्यातही काही बिघडत नाही.

अंध माणूस म्हटलं की चित्रकलेच्या इतिहासात पहिलं आठवतं ते ब्रूगेलचं १५६८ सालचं चित्र, एकमेकांना धरून खड्ड्यात पडणारे अंध. निरीक्षण कमालीचं आहे. प्रत्येकाचे डोळे वेगळ्या तऱ्हेने बिघडलेले दिसतात. पण ती माणसं चित्रात आहेत ती उपदेशासाठी. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यातल्या एकाला तरी रस्ता पाठ असणार."

९ मार्च

सरांशी चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींबद्दल बोलणं झालं. जन्मापासून अधू नजर, आणि तरी शांतिनिकेतनात १९४०च्या दशकात मध्ययुगीन संतांचं ते लांबलचक भित्तिचित्र. १९५०च्या दशकात डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर कागदाचे कोलाज, मेणाच्या आकृत्या आणि तिथल्याच कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं काम. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी. त्यांनी १९७२ मध्ये आपल्या या गुरूवर माहितीपट केला.

सरांना नंतरच्या कामात जास्त रस. "कागद कापताना त्यांना कड बोटाला लागत असेल. रंगाला कड नसते." हे मी टिपून ठेवलं आणि त्यामुळे पुढच्या कामाला वळण लागलं. क्षितिजरेषा आता सगळ्या चित्रांतून उंचवट्याने जाणार. जाड जेल पेस्टची रेघ, वाळली की बोटाला लागेल अशी. तेवढ्या भागाला हात लावायला परवानगी.

२३ मार्च

ताईंची बैठक. जन्मापासून कर्णबधिर, शिवणकाम शिकवतात. आमचं बोलणं त्यांच्या खुणा, माझ्या मोडक्यातोडक्या खुणा आणि फोनवर टाइप करून. त्यांना बोलताना काढायचंय. शिवताना नको, म्हणाल्या. मशीनवर वाकलेली मुकी बाई लोकांना आवडते.

खुणेचा शब्द स्थिर चित्रात पकडणं महाकठीण. हाताचा आकार, तळव्याची दिशा, हात शरीरापाशी कुठे आहे, तो कसा हलतो आणि चेहरा, या सगळ्यांचा मिळून एक शब्द होतो. मधेच गोठवला तर दुसराच शब्द होऊ शकतो किंवा काहीच नाही. बाण दाखवले तर शब्दकोशातली आकृती वाटते. मी काढलेलं पहिलं स्केच बघून ताई खो-खो हसल्या; माझ्या चित्रातली बाई म्हणे डास मारत होती.

मग त्यांनीच उपाय सांगितला. शब्द सुटा नको, प्रश्न काढ. अनेक खुणांच्या भाषांत हो-नाही उत्तराचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात. व्याकरण हातात असतं तेवढंच कपाळावर असतं. प्रश्नाच्या शेवटी हात क्षणभर थांबतात आणि भुवया वर राहतात, उत्तराची वाट बघत. तो क्षण खरोखरच स्थिर असतो, चित्र गोठवत नाही. त्या तशा बसल्या. मी भुवयांपासून सुरुवात केली. काय विचारलंय ते चित्राखाली लिहायचं नाही, असं दोघींचं ठरलं. ज्यांना खुणा येतात त्यांना कळेल. एरवी उलटं असतं. भरल्या खोलीत एकट्या ताईंनाच काय चाललंय ते कळत नाही.

४ एप्रिल

तिसरे गृहस्थ तरुण आहेत, अपस्मार आणि सततची पाठदुखी. बघून काही कळत नाही. वेगळं चित्र नको म्हणाले, 'रांग'मध्ये घाला. अपंगांसाठीच्या राखीव रांगेत ते उभे असतात तेव्हा लोक त्यांच्याकडे कसे बघतात ते काढा, म्हणाले. माझ्याकडे सहसा तिथे कुणी बघत नाही. खुर्ची हाच माझा परवाना. त्यांना दर वेळी कागद दाखवावा लागतो.

म्हणून सातव्या उभ्या ओळीत ते, आणि आजूबाजूच्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळलेल्या. अपंग कोण हे ओळखायचा खेळ खेळणाऱ्याला या चित्रात मी सापडेन असं वाटेल, पण चित्रात मी नाहीच. मी काढणारी.

१८ एप्रिल

कंबरेखाली त्वचा लाल झालीय. डॉक्टरांनी बसायला बंदी केली. दाबाने होणारी जखम एकदा उघडली की महिनोन्महिने भरत नाही, त्यामुळे वाद घातला नाही. 'रांग'चे पाच उभे पट्टे पूर्ण आहेत. बाकी थांबलं.

२५ एप्रिल

कुशीवर. डोळ्यांची उंची ६० सेंमीच्या आसपास. इथून लोकांच्या हनुवट्या आणि नाकपुड्या दिसतात. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी उभाच राहतो, मग भान येऊन खुर्ची ओढतो. एक छोटा तुकडा उशीला टेकवून पेन्सिलने केला, नाव '६०'.

या दिवसांत लोक हटकून मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलोची आठवण करून देतात. १९२५ चा बसचा अपघात, खाटेवर बांधलेला आरसा, १९५३ मध्ये स्वतःच्या प्रदर्शनाला खाटेवरून लावलेली हजेरी. मला त्यापेक्षा तिची प्लास्टरची कॉर्सेट्स आवडतात. शरीराला जखडणारं ते प्लास्टर तिने रंगवून टाकलं. तिथे धैर्यबिर्य बाजूला राहू दे, समोर एक पांढरा पृष्ठभाग होता आणि ती चित्रकार होती. मी गेले आठवडाभर माझ्या अंगाला बांधायच्या आधाराच्या पट्ट्याकडे त्या नजरेने बघतेय, पण त्याचं कापड रंग धरणार नाही.

२० मे

बसायला परवानगी. अटीसकट: नवी उशी, हवेच्या कप्प्यांची.

२२ मे

नव्या उशीने मला ३ सेंमी वर नेलं. डोळे आता १२१ वर. सहाव्या उभ्या पट्ट्यापासून क्षितिजरेषा जुळणार नाही. मदतनीस म्हणाला हवा थोडी कमी करू. हवा कमी केली तर उशीचा उपयोगच गेला. दुसरा मार्ग म्हणजे ११८ गृहीत धरून हिशोबाने काढणं. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पण मग हा प्रकल्प कशाला? सहाव्या पट्ट्यात रेघ ३ सेंमी वर चढेल. राहू दे तिथे पायरी. चित्राच्या मधोमध उशी बदलल्याची नोंद असलेलं दुसरं चित्र माझ्या माहितीत नाही.

९ जून

दालन बघायला गेलो. दारावर अपंगांचं निळं चिन्ह. आत त्या स्वच्छतागृहात बादल्या, पोछे आणि मोडकी खुर्ची. हलवतो म्हणाले.

त्या चिन्हाची गंमत अशी की ते १९६८ मध्ये सुसाने कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटलं तेव्हा त्याला डोकंच नव्हतं, नुसती खुर्ची. वरचा गोल नंतर कार्ल मोंटान यांनी ठेवला. जगात अपंग माणसाचं सर्वांत जास्त पाहिलं जाणारं चित्र हेच असणार, आणि त्यातला माणूस मागाहून आला. २०१० च्या सुमारास सारा हेंड्रन आणि ब्रायन ग्लेनी यांनी बोस्टनमध्ये त्याच्यावर नवी आकृती चिकटवायला सुरुवात केली: पुढे झुकलेली, हात मागे, वेगात निघालेली. ताठ ठोकळ्यापेक्षा ती नक्कीच जिवंत आहे. माझी खुर्ची मात्र बोटाने चालते आणि मी मागे रेलून बसते. झुकले तर पडेन. चांगल्या अपंगाने जोर लावताना दिसावं, अशी अपेक्षा त्या नव्या चिन्हातही डोकावते असं मला वाटतं.

मापं: मुख्य दार ठीक. दोन पॅनेलमधली जागा १२० सेंमी, ती १५० हवी, नाहीतर खुर्ची वळत नाही. छतावरचे दिवे बसलेल्याच्या डोळ्यात काचेवरून परावर्तित होतात, म्हणून कुठल्याच चित्राला काच नाही.

१७ जून

टांगण्याच्या उंचीवरून बैठक. प्रदर्शनांत चित्राचा मध्य साधारण १४५ ते १५५ सेंमीवर ठेवायचा रिवाज. आमची रेषा ११८ वर. आयोजक म्हणाले, "उभ्या प्रेक्षकांना वाकावं लागेल." मी हो म्हटलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग स्टुलं ठेवायचं ठरलं, ज्याला वाकायचं नसेल त्याने बसावं.

स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्केझने १६४५ च्या सुमारास सेबास्तियान दे मोर्राचं चित्र काढलं, आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. राजदरबारातला ठेंगणा माणूस, जमिनीवर बसलेला, बुटांचे तळवे आपल्याकडे. तरी तो बघणाऱ्याच्या थेट डोळ्यात बघतो, कारण चित्रकाराने आपली नजर त्याच्या पातळीला आणली. दरबारी विदूषक म्हणून ठेवलेल्या माणसाचं इतकं सरळ चित्र तेव्हा काढता येत होतं. आयोजकांना त्याची छापील प्रत दाखवली. चित्रं खाली लावायला तयार झाले ते त्यामुळे की मी हटणार नाही म्हणून, माहीत नाही.

२४ जून

भिंतीवरच्या मजकुराचा मसुदा आला. पहिलं वाक्य: 'नियतीने पाय हिरावले, पण जिद्दीने पंख दिले.' नियतीशी माझी ओळख नाही आणि आजार अनुवंशिक आहे. ऑस्ट्रेलियाच्या अपंग हक्क कार्यकर्त्या स्टेला यंग २०१४ च्या भाषणात अशा मजकुराला इन्स्पिरेशन पॉर्न म्हणाल्या होत्या: अपंग माणूस साधं काही करतो आणि बाकीच्यांना आपलं आयुष्य बरं असल्याचा दिलासा मिळतो. माझा राग वेगळ्या कारणाने. त्या अर्ध्या पानाच्या मजकुरात चित्रांबद्दल अक्षर नव्हतं.

परत पाठवलेला मजकूर: 'रांग. प्लायवर अ‍ॅक्रिलिक, २४ तुकडे, २४० बाय ९० सेंमी. नजरेची उंची ११८ सेंमी, सहाव्या पट्ट्यापासून १२१.' खाली मदतनीसाचं नाव, कामासकट. अक्षरं मोठी, काळ्यावर पांढरी. आधीचा फिक्या राखाडीवरचा राखाडी नमुना देखणा होता, पण मलाही वाचता आला नाही. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतका फरक हवा, हा वेबसाइटसाठीचा सुगम्यतेचा नियम भिंतीलाही लावायला हरकत नाही.

१ जुलै

स्वेल पेपरवर 'रांग'ची स्पर्शप्रत. या कागदावर बारीक कॅप्सूलचा थर असतो. काळ्या शाईने रेघ छापून कागद उष्णतेखालून काढला की काळा भाग फुगतो. सरांनी बोटं फिरवली आणि म्हणाले, "हे काय, माणसं एकमेकांत घुसलीत?" मी एकामागे एक उभी केलेली माणसं बोटांना एकमेकांत घुसलेली लागत होती. डोळा झाकलेला भाग मनाने पुरा करतो, बोटाला तशी सवय नसते. शिवाय ब्रेलचे ठिपके एकमेकांपासून साधारण अडीच मिमीवर असतात. त्याहून जवळच्या रेघा नुसती खरखर होतात. माझ्या नाजूक बोटांची, बटणांची सगळी खरखर झाली होती.

आता तीन कागद. पहिल्यावर फक्त उंच-बुटके खांब आणि त्यांतून जाणारी रेघ. दुसऱ्यावर एकच माणूस, सॅकसकट. तिसऱ्यावर तो मुलगा.

शब्दवर्णनही सरांना वाचून दाखवलं. मी रंगापासून सुरुवात केली होती. त्यांनी थांबवलं. "आधी तू कुठून बघतेयस ते सांग. मग मी तिथे येऊन बसतो."

१९ जुलै

उद्घाटन झालं. गर्दी बरी. स्टुलं आधी भरली, मग लोक जमिनीवर बसले. दीप, भाषणं, शाल वगैरे रद्द करून घेतलं होतं, त्यामुळे वेळ वाचला.

ताईंच्या ओळखीच्या चार-पाच जणी आल्या. त्यांच्या चित्रासमोर थांबल्या आणि एकीने चित्राला उत्तर दिलं, दोन्ही हातांनी, जोरात. बाकीच्या हसल्या. उभ्या असलेल्या एका बाईंनी मला विचारलं की काय झालं. मी म्हटलं, त्यांना विचारा.

सर 'रांग'पाशी बराच वेळ होते. उजव्या हाताची दोन बोटं रेघेवर, पाऊल-पाऊल पुढे. पाचवा पट्टा संपला तिथे बोटं अडखळली, वर गेली, पुन्हा खाली, पुन्हा वर.

"इथे काय झालं?"

"उशी बदलली, सर."

"अच्छा," म्हणाले, आणि पुढे गेले.

एका तरुणाने विचारलं की त्याला त्याच्या सिनेमात चाकाच्या खुर्चीतलं पात्र घ्यायचंय, काय सल्ला द्याल. पात्राचं काम कोण करणार ते विचारलं. तो एका चालत्याफिरत्या नटाचं नाव सांगू लागला. मग कॅमेरा किती उंचीवर ठेवणार ते विचारलं. त्याचा त्याने विचार केला नव्हता, पण टेप मागून घेतली आणि माझ्या खुर्चीशेजारी उकिडवा बसून मोजायला लागला. होईल काहीतरी त्याचं.

२८ जुलै

हिशोब. तिघांचे बैठकीचे पैसे आणि मदतनीसाचे दिले. '६०' सरांनी मागून घेतलं, भिंतीवर कुठे लावणार ते विचारलं तर म्हणाले, साठवर.

५ ऑगस्ट

दुसऱ्या एका संस्थेचं निमंत्रण. मालिका तिकडे न्यायची, तारीख ३ डिसेंबर, जागतिक अपंग दिन. मानधनाच्या जागी 'व्यासपीठ' लिहिलंय. १९९२ पासून हा दिवस पाळतात, आणि तेव्हापासून त्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना चार ठिकाणी बोलावणी असतात आणि उरलेल्या वर्षात फोन वाजत नाही.

उत्तर लिहिलं: फेब्रुवारी चालेल. मानधन इतर चित्रकारांना देता तेवढंच. चित्रांची रेषा ११८ वर.

१२ ऑगस्ट

फेब्रुवारीला ते तयार आहेत. मानधनाचं समितीपुढे ठेवतो म्हणाले. दाराशी दोन पायऱ्या आहेत, चार माणसं उचलून घेतील, काळजी करू नका असंही लिहिलंय. माझी खुर्ची माणसासकट दोनशे किलोच्या घरात जाते. प्रत्येक पायरी १५ सेंमी धरली तर चढ ३० सेंमीचा, म्हणजे १ ला १२ च्या उताराने ३ मीटर ६० सेंमीचा रॅम्प लागेल. दारासमोर तेवढी मोकळी जागा आहे का, ते मोजून कळवा म्हटलंय.